ऑनलाइन व्यापार आणि आपली नवखी कुटुंबे



आज मला ज्या विषयावर बोलावयास सांगण्यात आले आहे, तो व्यासपीठावरून बोलण्याचा विषयच नव्हे, अशी कुरकूर दोघा-तिघांनी केल्याचे माझ्या कानावर आले आहे. हक्क, संघटना, अत्याचाराचे खटले, शिष्यवृत्त्या हे विषय बाजूला सारून मोबाइलवरून मसाला कसा विकावा हे सांगत बसणे त्यांना हलके वाटते. मला ते हलके वाटत नाही. तुमच्यापैकी कित्येक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. दीक्षेबरोबर तुम्ही गावकीची उरलीसुरली कामे टाकली, मेलेले जनावर ओढणे टाकले, लग्नकार्यातले उरलेले अन्न पदरात घेणे टाकले. हे उत्तम झाले. परंतु त्या कामांबरोबर जी मूठभर ज्वारी घरात येत होती तीही थांबली, आणि आता तुमच्यापुढे उभा असलेला प्रश्न पोटाचा आहे.

हा प्रश्न नवा नाही. 1958 साली तेव्हाच्या मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला. वतन गेले हे बरे झाले, पण आता खायचे काय, हे त्या वेळीही घरोघर विचारले गेले. त्या पिढीने गिरण्या, रेल्वे, गोदी, लष्कर आणि सरकारी कचेऱ्या यांच्याकडे धाव घेतली. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचे काय झाले ते तुम्ही जाणता. सरकारी कचेऱ्यांत आज कायम नोकरीच्या जागी कंत्राट आले आहे, आणि कंत्राटात राखीव जागा शोधून सापडत नाहीत. तेव्हा आपल्या तरुणांचे लक्ष व्यापाराकडे वळले तर नवल नाही. दुकानाला जागा लागते, पागडी लागते, भांडवल लागते; मोबाइल मात्र प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून ते ऑनलाइन व्यापाराच्या गोष्टी करतात.

इथे पहिला धोका उभा राहतो, आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे.

तुम्ही मोबाइल उघडता. एक गृहस्थ मोटारीला टेकून उभा असतो आणि सांगतो की शिक्षण नको, भांडवल नको, कौशल्य नको. रोज दोन तास द्या आणि महिन्याला लाख रुपये मिळवा. पहिले व्याख्यान फुकट असते. दुसऱ्यास काहीशे रुपये, तिसऱ्यास काही हजार, आणि तुम्ही गुंतलात असे दिसले की खास शिकवणीची फी पुढे येते. माझा साधा प्रश्न असा की, दोन तासांत लाख रुपये मिळविण्याची युक्ती ज्याच्यापाशी आहे, तो ती तुम्हांला काहीशे रुपयांस का विकत बसला आहे? त्याचा खरा धंदा ती युक्ती नव्हे. त्याचा धंदा तुम्ही आहात. त्याच्या मालाचे नाव ‘तुमची आशा’ असे आहे, आणि तो माल तो तुम्हांलाच परत विकतो.

याहून वाईट प्रकार आहेत. कोणी सांगतो की चित्रफितींना पसंती देत बसा, प्रत्येकी पन्नास रुपये मिळतील. पहिल्या दिवशी ते खरोखर मिळतात. तिसऱ्या दिवशी मोठ्या कामासाठी अनामत भरा म्हणतात, आणि भरलेली अनामत परत येत नाही. कोणी साखळीत सभासद जोडावयास सांगतो. ही साखळी नवी नव्हे. अशा योजनांवर बंदी घालणारा कायदा 1978 साली झाला आणि थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनीही मनोऱ्यासारख्या रचलेल्या योजना निषिद्ध ठरविल्या आहेत. तरीही गावोगाव त्या चालतात, कारण जोडणारा बहुधा आपलाच मेहुणा किंवा भाचा असतो आणि त्याला नाही म्हणणे जड जाते. नाही म्हणा. मेहुणा चार दिवस रुसेल.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे भाड्याचे खाते. कोणीतरी तरुणास सांगतो की तुझे बँकेचे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार देतो. त्या खात्यातून लुबाडलेल्या लोकांचा पैसा फिरतो. लुबाडणारा दूर राहतो आणि पोलीस खाते ज्याच्या नावाचे आहे त्याच्या दारात येतात. आपल्या वस्तीतला पोरगा कोठडीत गेला म्हणजे त्याचा जामीन किती सहज होतो, हे मी तुम्हांला सांगावयास नको. आपले खाते, आपले कार्ड, आपले सिम कोणाच्या हाती देऊ नका. आणि एवढे पाठ करून ठेवा की यूपीआयचा गुप्त अंक पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. स्वतःला सैनिक म्हणविणारा ग्राहक ‘पैसे पाठवितो, हा चौकोन स्कॅन करून अंक टाका’ असे म्हणू लागला की फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका. त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर कळवा. तक्रार जितकी लवकर, तितका पैसा वाटेत अडविण्याचा संभव अधिक.

मग खरा व्यापार कोणता? ‘मला काही येत नाही’ या वाक्यापासूनच आपण सुरुवात करू. मी ज्या ज्या वस्तीत जातो तेथे हे वाक्य ऐकतो. बोलणारी बाई दोनशे पानांच्या लग्नाचा स्वयंपाक एकटीच्या देखरेखीखाली उतरवते, मिरची हातात घेऊन ती यंदाची की गेल्या वर्षीची हे सांगते, आणि तरी म्हणते, मला काही येत नाही. आठवडी बाजारात पंधरा वर्षे भाजी विकलेला माणूस म्हणतो, मला काही येत नाही. दर वर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचा गाळा मांडणारा आपला माणूस हजारो लोकांना पुस्तके विकतो. खेड्यातून आलेली आजी नातवासाठी काय मागेल आणि कॉलेजातला मुलगा काय मागेल, हे त्याला चेहरा पाहून समजते. तोही म्हणतो, मला काय येते! हे वाक्य तुमचे नव्हे. ज्या हातांना शेकडो वर्षे कामाचा मोबदला मिळाला नाही, त्या हातांच्या कामाला कौशल्य म्हणावयाचे नाही, असे ज्यांनी ठरविले त्यांचे हे वाक्य आहे.

तुम्हांला जे येत नाही ते वेगळे आहे. मालाचे नीट छायाचित्र काढणे, चार ओळींत त्याचे वर्णन लिहिणे, वस्तू फुटणार-सांडणार नाही अशी बांधणे, ग्राहकाच्या प्रश्नाला वेळेवर उत्तर देणे, आणि हिशेब. यातील पहिल्या चार गोष्टी घरातला दहावीतला मुलगा तुम्हांला एका पंधरवड्यात शिकवील. व्हॉट्सॲप बिझनेसवर वस्तूंची यादी किमतीसह मांडता येते, तिला पैसे पडत नाहीत. दिवसाच्या उजेडात, स्वच्छ पांढऱ्या कापडावर ठेवून काढलेले छायाचित्र पुरेसे असते. आपली माणसे छायाचित्रे प्रथम शिकतात आणि हिशेब शेवटी. मी म्हणतो, क्रम उलटा करा.

हिशेब न केल्याने काय होते, ते एका उदाहरणाने दाखवितो. आकडे समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या गावचे दर तुम्ही घालून पाहा. समजा, एका भगिनीने काळा मसाला विकावयास काढला. पाव किलोच्या पाकिटाची किंमत 180 रुपये ठेवली. मिरची, धणे, खोबरे, खडा मसाला आणि कांडप मिळून 90 रुपये. पाकीट आणि चिठ्ठी 12 रुपये. कुरिअर 60 रुपये. एकूण 162. पाकिटामागे 18 रुपये सुटतात असे तिला दिसते आणि ती आनंदात असते. आता दहा पाकिटे ‘माल हाती आल्यावर पैसे’ या बोलीवर गेली. नऊ जणांनी घेतली. दहाव्याने दार उघडले नाही, पाकीट परत आले आणि वाटेत फुटले. नऊ पाकिटांचे आले 1620 रुपये. दहा पाकिटांचा खर्च झाला 1620 रुपये. बाईने दहा पाकिटांचा मसाला भाजला, कुटला, भरला, आणि हाती आले शून्य. परतीचे भाडे कोणी मागितले तर ती पदरचे देऊन बसेल. तिला वाटते, आपले नशीब खोटे. नशिबाचा येथे काही संबंध नाही. पाकीट लहान होते आणि पैसे आधी घेतले नव्हते.

तीच भगिनी एक किलोचा पुडा करती तर? माल 360, बांधणी 20, कुरिअर 90, एकूण 470. किंमत 680. दहातला एक बुडाला तरी नऊंचे 6120 आणि दहांचा खर्च 4700. हाती राहतात 1420. वाहतुकीचा खर्च वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून लहान पाकीट दूर पाठविणे हे बहुधा तोट्याचे असते. लहान पाकीट जवळ विका, जेथे मुलगा सायकलवरून देऊन येईल. दूर पाठवायचे तर किलोचा पुडा पाठवा, आणि ओळखीच्या ग्राहकाकडून पैसे आधी घ्या. यात संकोच कसला? किराणा दुकानदार तुम्हांला तेलाची पिशवी देण्याआधी पैसे मोजून घेतोच ना?

आणि त्या 1420 रुपयांत बाईची मजुरी धरलेली नाही, हेही ध्यानात ठेवा. दहा किलो मसाल्याला तिचे किती दिवस गेले ते वहीत लिहा, आणि त्या दिवसांची मजुरी वजा करूनच नफा म्हणा. घरच्या बाईचे श्रम फुकट धरून दाखविलेला नफा हा नफा नव्हे. तसेच, श्रम बाईचे आणि खाते बुवाचे, हा प्रकार मला पसंत नाही. जी काम करते तिच्याच नावाच्या खात्यात पैसे पडले पाहिजेत.

भांडवलाविषयी एक जुनी कथा सांगतो. जातकांत चुल्लकसेट्ठी जातक म्हणून कथा आहे. एका दरिद्री तरुणाने वाटेने जाणाऱ्या शेठचे बोलणे ऐकले की हुशार माणूस या मेलेल्या उंदरावरूनही व्यापार उभा करील. त्याने तो उंदीर उचलला आणि कोणाच्या तरी मांजरासाठी एका कवडीमोल नाण्याला विकला. त्या नाण्याचा गूळ घेतला, एक घागर पाणी भरले आणि रानातून दमून येणाऱ्या माळ्यांना थोडा गूळ आणि पाणी दिले. त्यांनी त्याला मूठ मूठ फुले दिली. ती विकून त्याने पुन्हा गूळ घेतला. पुढे वादळ झाले. राजाच्या बागेत फांद्यांचा खच पडला. बाग साफ करून देतो, लाकूड माझे, असा करार करून त्याने खेळणाऱ्या पोरांना गूळ वाटून लाकूड गोळा करविले आणि ते राजाच्या कुंभाराला भट्टीसाठी विकले. पुढे त्याने नगराच्या वेशीपाशी पाचशे गवत कापणाऱ्यांना पाणी पाजले, आणि त्यांच्या मैत्रीवर घोड्यांच्या व्यापाऱ्याला गवत विकून हजार नाणी मिळविली.

लोक ही कथा नशिबाची म्हणून सांगतात. मला ती वेगळी दिसते. त्या तरुणाला एकही धंदा येत नव्हता. त्याने कर्ज काढले नाही. त्याने प्रत्येक वेळी हे पाहिले की समोरच्याला आत्ता काय हवे आहे: दमलेल्याला पाणी, कुंभाराला जळण, घोड्यांना गवत. तो भाड्याने गाडी घेतो, गलबताचा सौदा अंगठी गहाण ठेवून करतो, पण केव्हा? कथेच्या अगदी शेवटी, त्याचा शब्द बाजारात चालू लागल्यावर. आपले तरुण कर्जापासून सुरुवात करतात आणि उंदरापर्यंत येऊन पोहोचतात.

परंतु ही कथा वाचताना माझ्या मनात आणखी एक विचार येतो. तो तरुण गरीब होता खरा, पण कथाकार त्याला कुलीन घराण्यातला म्हणतो. त्याच्या हातचे पाणी पाचशे लोकांनी विनातक्रार घेतले. आपल्या आजोबाने वेशीपाशी घागर घेऊन उभे राहिले असते तर? ज्यांना 1927 साली महाडला स्वतः पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या हातचे पाणी विकत तर सोडा, फुकट कोणी घेतले नसते. तेव्हा व्यापारात आपल्यापुढची अडचण केवळ भांडवलाची आणि कौशल्याची आहे, असे जे सांगतात ते अर्धेच सांगतात.

परमपूज्य बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. 1918 साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी, बडोद्याहून अपमानित होऊन परतल्यावर, त्यांनी मुंबईत शेअर आणि गुंतवणुकीसंबंधी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! या कामाचे कौशल्य त्यांच्याइतके त्या वेळी मुंबईत कितीजणांपाशी होते? व्यवसाय बरा चालू लागला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे ग्राहकांना कळले, आणि ग्राहक येईनासे झाले. व्यवसाय बंद करावा लागला. कौशल्य कमी पडले नव्हते.

आज काहीजण म्हणतात की ऑनलाइन बाजाराला जात दिसत नाही. हे पूर्ण खरे नाही. चेहरा दिसत नाही, पण नाव दिसते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले, फक्त आडनावे बदलली. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे येण्याचा संभव कमी ठरला. नोकरी देणारे साहेब जर आडनाव वाचतात, तर मसाला घेणारे वाचणार नाहीत, असे मी कसे म्हणू? आणि खाण्याच्या वस्तूच्या बाबतीत तर आपल्या समाजाची जीभ सर्वांत सनातनी आहे.

म्हणूनच तरुण मला विचारतात की पाकिटावर नाव घालावे काय. याचे अर्धे उत्तर कायद्याने दिलेले आहे. बंद पाकिटांविषयीच्या 2011 च्या नियमांप्रमाणे तयार करणाराचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापावेच लागते. राहिलेले अर्धे उत्तर माझे आहे. व्यापाराला नाव कोणतेही द्या. नदीचे द्या, फुलाचे द्या, गावाचे द्या. दुकानाने मालकाचे आडनाव मिरविलेच पाहिजे असा कोणाचाही दंडक नाही. परंतु आपले नाव लपवून दुसऱ्याच्या नावाने व्यापार करू नका. ‘तुमच्या नावाने माल खपणार नाही, नोंदणी माझ्या नावाने करू, खाते माझे वापरू, तुम्ही फक्त माल द्या’ असे सांगणारा भागीदार गोड बोलतो. दोन वर्षांनी व्यापार चालू लागला की कागदावर तुम्ही कोणीच नसता. नोंदणी त्याची, फोन क्रमांक त्याचा, ग्राहकांची यादी त्याच्या मोबाइलमध्ये. ज्या व्यापाराचे अस्तित्व एका गुपितावर उभे आहे, त्याचा खरा मालक ते गुपित जाणणारा असतो. नाव वाचून शंभरातले वीस ग्राहक गेले तर जाऊ द्यावेत.

आणि येथे ऑनलाइन व्यापाराचा खरा उपयोग दिसतो. गावात शंभर घरे आहेत आणि नव्वद घरे आपल्या हातचे घेत नाहीत, तर आपल्या चहाच्या टपरीने दम सोडावा हे ठरलेले. तेथे ग्राहक मोजके आणि सगळे आपल्याला ओळखणारे. मोबाइलवर मात्र नकार देणाऱ्यांच्या पलीकडेही माणसे आहेत. त्यांत आपली माणसे आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, औद्योगिक वसाहती, रेल्वेच्या चाळी, जेथे जेथे आपला समाज पांगला तेथे तेथे गावच्या मसाल्याची आठवण काढणारे घर आहे. पहिले पन्नास ग्राहक तेथे शोधा. एक इशारा मात्र देतो. जयभीम म्हणून माणूस एकदा माल घेईल. दुसऱ्यांदा तो मसाल्याची चव पाहून घेईल. वजन कमी भरले, खोबरे खवट निघाले, तर समाजाच्या नावाने ग्राहकाला गप्प बसविण्याचा अधिकार कोणाला नाही. स्वतःच ग्राहक बनून आपल्या मालाची खोटी स्तुती लिहिणे हेही ऑनलाइन व्यापाराच्या 2020 च्या नियमांना धरून नाही, आणि पंचशील घेतलेल्या माणसाला ते नियमावाचूनही कळावे.

नोंदणीचे थोडक्यात सांगतो, कारण तिचा बाऊ करून दलाल पैसे काढतात. खाण्याची वस्तू विकायची तर व्यापार कितीही लहान असो, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्या. लहान उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करा. ती 2020 पासून सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी कोणाला हजार रुपये देऊ नका. जीएसटीविषयी एवढे ध्यानात ठेवा: महाराष्ट्रात मालाच्या विक्रीची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर सामान्यतः नोंदणीची सक्ती नाही. मोठ्या बाजारपेठेच्या ॲपवर विकायचे तर पूर्वी लहानातल्या लहानालाही ती घ्यावी लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला सूट आहे, फक्त पॅनवरून एक क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर मसाला पाठवू लागलात की ही सूट राहत नाही. म्हणून पहिले वर्षभर महाराष्ट्रातच विका.

‘उद्यम’ नोंदणीत तुमचा सामाजिक प्रवर्ग विचारतात. येथे नुकतीच दीक्षा घेतलेली कुटुंबे अडखळतात. बौद्ध झालो म्हणजे अनुसूचित जातीचा दाखला गेला, असा समज अजून आहे. 1956 नंतर केंद्राच्या सवलतींबाबत तो खराही होता. 34 वर्षे आपण त्यासाठी भांडलो. 1990 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा हक्क मान्य झाला. तेव्हा तो रकाना भिऊन रिकामा सोडू नका. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योगांकडून करावी, असे 2012 च्या आदेशात ठरले आहे. ती टक्केवारी कागदावरच राहते, अशी आपली जुनी तक्रार आहे. पण आपला उद्योग यादीतच नसेल तर ती तक्रार करावयासही आपण उभे राहू शकत नाही. आज मसाला विकणाऱ्याला याचा उपयोग नसेल. उद्या जो कापडी पिशव्या, गणवेश, फायली शिवून ‘जेम’ या सरकारी बाजारपेठेवर विकील त्याला होईल.

जाता जाता, सरकारने 2016 च्या 30 डिसेंबरला पैसे देण्याघेण्याचे ॲप काढले आणि त्याला ‘भीम’ असे नाव दिले. नाव देणे सोपे आहे. त्या ॲपवरून आपल्या किती दुकानदारांच्या खात्यात पैसे पडतात, हे कोणी मोजले तर मला ते वाचावयास आवडेल.

कर्जाचे मी शेवटी सांगतो, कारण ते शेवटीच घ्यावयाचे आहे. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळते. बचत गटातूनही मिळते. पण सहा महिन्यांची वही दाखविता येत नाही तोवर घेऊ नका. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सांगितले आहे की मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगाला, दोन व्यवसायात, आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखावा. ज्याच्या घरी पोटालाच पुरत नाही त्याला मिळकतीचा अर्धा भाग धंद्यात घाल म्हणणे ही थट्टा होईल, हे मला कळते. म्हणून मी घरच्या मिळकतीविषयी बोलत नाही. मसाल्याच्या नफ्याविषयी बोलतो. त्या 1420 रुपयांतून बाईची मजुरी दिल्यावर जे उरेल त्याचे चार भाग करा. निम्मे पुढच्या मिरचीला ठेवा, पाव भाग पोस्टात टाका आणि पाव भाग मुलांच्या हातावर ठेवा. पहिल्या महिन्यात त्या पाव भागाचे एक वहीसुद्धा येणार नाही. तरी ठेवा.

ज्यांना काम सुरू करावयाचे आहे त्यांनी पुढल्या रविवारी सायंकाळी याच जागी यावे. येताना एक कोरी वही, आपल्या मालाचा एक नमुना आणि घरातला जो मुलगा किंवा मुलगी मोबाइल नीट चालविते तिला घेऊन यावे. आधार आणि पॅन आणावे. बँकेचे पुस्तक आणावे. एटीएम कार्ड आणू नये. अर्ज आम्ही तुमच्यासमोर तुमच्याच हाताने भरवून घेऊ, आणि त्याचे पैसे कोणी मागितले तर मला येऊन सांगा.